गोव्यात राहून रॉक क्लायंबिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

कुशावती

नमस्कार मंडळी. मी केप्याची, नोकरी मडगावात. ट्रेकिंगची सवय आहे. युथ हॉस्टेलचा डिसेंबरातला गोवा ट्रेक झालाय, चोर्ला आणि नेत्रावळीकडेही जाणं असतं. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये (तेच ते, २०२० चं, पण झालं २०२१ ला) क्लायंबिंग पाहिलं तेव्हापासून डोक्यात किडा आहे. ऑफिसातली एक मैत्रीणही तयार आहे.

तिचा भाऊ म्हणतो, क्लास कशाला? वागातोरला आणि काब द रामच्या किल्ल्याखाली कडे आहेतच, दोर घ्या नि लागा. मला ते काही पटत नाहीये, पण त्याला उत्तर देण्याइतकी माहितीही नाही. आधी सामान घ्यायचं की आधी शिकायचं? शिकायचं तर कुठे? आईला काय सांगायचं, ते मात्र माझं मी बघेन.

पाडेली

आमच्या वाड्यावर नारळ पाडायला येणारा माणूस कंबरेला कोयता अडकवून हां हां म्हणता माडाच्या शेंड्यावर पोचतो. हेल्मेट नाही, हार्नेस (तो कमरे-मांड्यांना बांधायचा पट्टा) नाही, क्लास नाही. तुम्हां लोकांना सगळ्याचा कोर्स लागतो बुवा.

घाटवाट

पाडेलीबाब, तो माणूस लहानपणापासून माडच चढतोय, आणि माडाचा तुकडा सुटून हातात येत नाही. शिवाय पाडेली पडतातही. वाड्यावर जरा म्हाताऱ्यांना विचारून बघा, कुणाकुणाचं कंबरडं मोडलंय ते सांगतील.

कुशावती, सविस्तर रात्री लिहितो. तोवर एकच: त्या भावाबरोबर कुठेही जाऊ नका.

जांभा

घाटवाट यांच्या आधी खडकाबद्दल मी लिहितो, कारण मूळ मुद्दा तिथे आहे.

वागातोर, हणजूण, काब द राम इथले कडे बघायला ताठ आणि भरभक्कम वाटतात. पण तो जांभा आहे. चिरेखाणीवर गेलेल्यांना माहीत असेल, ताजा चिरा अवजाराने कापता येतो, हवा लागली की घट्ट होतो. कड्यालाही तसंच वरचं कवच टणक असतं आणि आत, विशेषतः खालच्या थरात, मातकट मऊ भाग असतो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि पायथ्याशी लाटांचा मारा, त्यामुळे खालून पोखरलं जातं आणि वरचा भाग नुसता अधांतरी उरतो. जांभ्यातली भोकं पकडायला छान मिळतात म्हणून हात घालायचा मोह होतो. ती भोकंच अख्खी निखळून येतात.

दुसरं, दोर वर कशाला बांधणार? झाडाला म्हणाल तर पठारावरची झुडपं वीतभर मातीत उभी असतात. बोल्ट म्हणाल तर नेहमीचा एक्स्पान्शन बोल्ट भोकाच्या आत फुगून खडकाला रेटतो, तेव्हाच तो धरतो. जांभ्यात रेटायला काही घट्ट नसतंच.

तिसरं, समुद्र. कडा कितीही चांगल्या दगडाचा असला तरी खारी हवा धातूला सोडत नाही. थायलंडमध्ये क्राबीच्या किनाऱ्यावर चुनखडीचे जगप्रसिद्ध कडे आहेत. तिथे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बाहेरून ठीकठाक दिसत असताना आतून तडे जाऊन तुटले. शेवटी तिथे टायटॅनियमचे बोल्ट रसायनाने चिकटवायची पद्धत आली. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर एखाद्या कड्यात कुणी ठोकलेली जुनी कडी दिसली, तर फोटो काढा आणि पुढे चला. तिच्यावर वजन टाकू नका.

कुशावती

बाप रे. म्हणजे गोव्यात काहीच नाही?

जांभा

असं नाही. काणकोणात ग्रॅनाइट आहे. पाळोळे, आगोंद भागात समुद्राच्या टोकांवर जे गोल गुळगुळीत धोंडे दिसतात ते तेच. सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यात सह्याद्रीचा काळा बेसॉल्टही थोडा येतो, पण तिकडचा बराच भाग म्हादई अभयारण्यात आहे. मोले, नेत्रावळी, खोतीगाव यांचंही तेच. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे दोर टाकून बसणं म्हणजे आपल्याबरोबर बाकीच्या ट्रेकर्सचीही वाट बंद करणं.

आणि किल्ल्यांच्या तटांवर सराव करणारे महाभाग मी पाहिलेत. ते तट संरक्षित वास्तू आहेत, जिमखान्याची भिंत नव्हे.

मालीमचा_खलाशी

दोराचं विचारतो. आमच्याकडे ट्रॉलरचे दोर पडलेले असतात, मनगटाएवढे जाड. टनाने माल ओढतात. माणूस म्हणजे काय, सत्तर-ऐंशी किलो. मग ते का चालू नयेत? टवाळी करत नाही, खरंच विचारतो.

घाटवाट

प्रश्न चांगला आहे, आणि सगळ्या नवख्यांच्या मनात असतो.

माणूस नुसता लटकला तर तुमचा दोर त्याला आरामात धरेल. प्रश्न तो पडतो तेव्हाचा आहे. दोर ताणलाच नाही तर पडलेल्याचा सगळा झटका क्षणात त्याच्या कमरेला, पाठीला आणि वरच्या अँकरला, म्हणजे दोर वर जिथे बांधलाय त्याला, बसतो. क्लायंबिंगचा डायनॅमिक दोर नायलॉनचा असतो आणि मुद्दाम ताणेल असा विणलेला असतो. चाचणीतल्या पहिल्या मोठ्या पडण्यात तो ४० टक्क्यांपर्यंत ताणला तरी चालतं. त्यावर ईएन ८९२ असा युरोपियन मानकाचा आकडा असतो. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, वापरतात तो स्टॅटिक दोर जेमतेम ताणतो. तो उतरायला ठीक आहे, पण वर चढताना खालून दोर नेत जायचं असेल तर तो चालत नाही.

तुमचे दोर बहुतेक पॉलिप्रोपिलीनचे, म्हणून पाण्यावर तरंगतात. ते १६५ अंशांच्या आसपास वितळतात. दोरावर दोर घासला की एवढी उष्णता सहज होते. शिवाय वर्षभर उन्हात नि खाऱ्या पाण्यात काढलेले. होडी बांधायला उत्तम.

मालीमचा_खलाशी

समजलं. देव बरें करूं.

घाटवाट

आता कुशावतींसाठी. लांबण लागेल.

मी पुण्याकडे सह्याद्रीत शिकलो, आता वेर्ण्याला असतो. माझं मत ठाम आहे. पहिली गोष्ट शिकायची ती चढणं नाही, बिले देणं. म्हणजे खाली उभं राहून दुसऱ्याचा दोर सांभाळणं. चढणारा पडणारच, त्यात काही विशेष नाही. तो जमिनीवर येतो की दोरावर थांबतो हे खालचा माणूस ठरवतो. तुम्ही दोघी एकत्र शिकणार असाल तर हे दोघींनाही सारखंच आलं पाहिजे. एक चढणारी आणि एक ‘जरा दोर धर गं’ म्हणून उभी केलेली, अशी जोडी नको.

बिलेचा एक नियम इतर सगळ्यांच्या वर आहे: ब्रेकचा हात, म्हणजे बिलेच्या उपकरणातून निघालेला मोकळा दोर धरणारा, दोरावरून कधीही सुटत नाही. फोन वाजला तरी नाही, माशी बसली तरी नाही. दोर आत घेताना हात सरकवायचा, उचलायचा नाही. एटीसीसारखं साधं उपकरण असो की ग्रिग्रीसारखं, जे झटका बसला की दोर आवळायला मदत करतं, नियम तोच. ग्रिग्री आहे म्हणून हात सोडणारे लोक सरावाच्या भिंतींवर दिसतात. तसला जोडीदार मिळाला तर त्या दिवशी चढू नका. आणि खालची व्यक्ती चढणाऱ्यापेक्षा बरीच हलकी असेल तर झटक्याला ती वर उचलली जाते, तेव्हा शिक्षकाला ते आधी सांगा. मागे बांधून उभं करतात किंवा जोडी बदलतात.

गाठ एकच शिका, पण अंधारात, गप्पा मारता मारताही चुकणार नाही इतकी: एट, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. हार्नेसच्या पुढे जे दोन फास असतात, पायांचा आणि कमरेचा, त्या दोन्हींतून दोर ओवून परत त्याच गाठीच्या वाटेने मागे काढत आणायचा. शेपूट वीतभर तरी उरलं पाहिजे. अर्धवट गाठ बांधून कुणाशी तरी बोलायला वळणं आणि मग तसंच चढायला लागणं, ही जुन्याजाणत्यांच्या अपघातांची ठरलेली कथा आहे. म्हणून चढण्याआधी प्रत्येक वेळी एकमेकींचं सगळं बघायचं. नुसतं डोळ्यांनी नाही, हात लावून: कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडांच्या वर आणि घट्ट, बकल नीट ओवलेलं, गाठ, बिलेचं उपकरण दोरात बरोबर बाजूने, कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या उघडबंद कडीचा) स्क्रू बंद, दोराच्या दुसऱ्या टोकाला गाठ. ही शेवटची गाठ लोक गाळतात. दोर आखूड पडला आणि टोकाला गाठ नसली, तर उतरवताना टोक उपकरणातून सुळकन निघून जातं.

सुरुवातीला फक्त टॉप रोप. दोर वरच्या अँकरमधून खाली येतो, त्यामुळे पडलात तरी थोडंच खाली येता. खालून दोर नेत वर क्लिप करत जायचं, म्हणजे लीड, त्याची घाई नको. शिक्षकाने स्वतःहून सुचवेपर्यंत तर नकोच.

सामानात आधी फक्त बूट घ्या, तेही थोडे दिवस भाड्याचे वापरून झाल्यावर. दोर, हार्नेस, हेल्मेट सुरुवातीला क्लासवाले देतात. पुढे स्वतःचं घ्यायचं तर हार्नेसवर ईएन १२२७७ आणि हेल्मेटवर ईएन १२४९२ बघा. सायकलचं हेल्मेट चालत नाही, ते वरून येणाऱ्या दगडासाठी बनवलेलं नसतं. कॅराबिनरवर आकडे कोरलेले असतात: लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ दोन टन, पण आडवा ताण आला किंवा गेट उघडं राहिलं तर मानक ७ किंवा त्याहूनही कमीच मागतं. कॅराबिनर कसा अडकतोय याला म्हणून महत्त्व. किल्लीला लावायचे जे रंगीत कॅराबिनर बाजारात मिळतात त्यांच्यावर यातलं काहीच नसतं.

जुना दोर किंवा हार्नेस कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्याचा इतिहास तुम्हांला कळणार नाही.

पाडेली

एवढं सगळं वाचून मला आता माड चढायचीही भीती वाटायला लागली.

दोन_पोरांची_आई

वाचतेय. थोडं विषयांतर: माझा आठ वर्षांचा मुलगा रॅपलिंगला जायचं म्हणून मागे लागलाय. पावसाळ्यात धबधब्याच्या बाजूने उतरवतात अशी जाहिरात आली आहे. पाठवू का? घाटवाट काका, काय विचारून घ्यायचं ते तरी सांगा.

घाटवाट

ताई, पावसाळ्यात धबधब्यात आठ वर्षांच्या मुलाला मी पाठवणार नाही. पाणी अचानक वाढतं, दगड शेवाळलेला असतो, आणि आवाजात खालचं वरच्याला ऐकू जात नाही.

कोरड्या जागी असेल तर विचारा: मुख्य दोराशिवाय दुसरा सुरक्षा दोर आहे का, तो कोण धरतं? अँकर किती ठिकाणी बांधलाय? एकच झाड किंवा एकच बोल्ट हे उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. लहान मुलांची कंबर आणि नितंब सारखेच असतात, नुसत्या कमरेच्या हार्नेसमधून ती उलटी होऊन निसटू शकतात. म्हणून त्यांना खांद्यापासूनचा पूर्ण हार्नेस लागतो. तो त्यांच्याकडे आहे का? शिक्षकाने मनालीच्या किंवा उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेत कोर्स केलाय का? या प्रश्नांवर जो चिडतो त्याच्याकडे मूल द्यायचं नाही.

रात्रपाळी

मी अपघात विभागात काम करते, त्या बाजूने दोन शब्द.

नवखे लोक उंचावरून पडून येतात असं वाटतं, पण येतात ते बहुतेक बुटक्या धोंड्यांवरून उडी मारून. घोटा, नाहीतर मनगट. मनगट यासाठी, की पडताना माणूस नकळत हात मागे टेकतो. गुडघे वाकवून दोन्ही पायांवर या, मग पाठीवर लोळा, हात छातीशी.

कुणी खरंच वरून पडलं आणि मान किंवा पाठ दुखतेय म्हणालं, तर ओढून सावलीत नेऊ नका, हेल्मेट ओढून काढू नका, १०८ ला फोन करा. नेत्रावळीसारख्या ठिकाणी रेंज नसते, म्हणून कुठे जातोय आणि कधी परतणार हे घरी कुणाला तरी सांगून जा. (कुशावती, आईला काय सांगायचं त्याचं अर्धं उत्तर.) कुणी बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकलं तर त्याला लवकरात लवकर खाली घ्यायचं, अर्धा तास वाट बघत बसता येत नाही.

सडा (जांभ्याचं पठार) आणि खडकाच्या कपारी म्हणजे फुरशाचं घर. दिसत नाही त्या खाचेत हात घालू नका. चावलंच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. हालचाल कमी आणि थेट सर्पविष प्रतिबंधक लस असलेलं रुग्णालय, आपल्याकडे बांबोळीचं सरकारी रुग्णालय.

जांभा

आग्या मोहोळ राहिलं. बदामीला, सह्याद्रीत, कड्यांच्या छज्ज्याखाली लटकलेली असतात. खाली शेकोटी, सिगरेट, आरडाओरडा नाही. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

कुशावती

घाटवाट दादा, एवढं लिहिल्याबद्दल खूप आभार. मग शिकायला कुठे? बदामी की हंपी? लोक दोन्ही नावं एका दमात घेतात.

घाटवाट

दोन्ही कर्नाटकात, दोन्ही आपल्याला जवळ, पण काम वेगळं.

हंपी म्हणजे ग्रॅनाइटचे धोंडे, बोल्डरिंग. दोर नाही, खाली जाड गादी आणि आजूबाजूला मित्र. वास्कोहून अमरावती एक्स्प्रेसने होसपेटला उतरता येतं. धोंडे मुख्यतः नदीपलीकडे, सणापूरकडे. गाद्या भाड्याने मिळतात. तिथला ग्रॅनाइट बोटांची सालं काढतो, पहिल्या दिवशी दोन तासांत थांबा.

बदामी म्हणजे लाल वालुकाश्म, उभे कडे, बोल्ट लावलेल्या वाटा. दोराचं क्लायंबिंग शिकायला देशात यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. हुबळीहून शंभरेक किलोमीटर, पणजीकडून चोर्ला-बेळगाव मार्गेही जाता येतं. पण शिक्षक ठरवूनच जा. आणि पावसानंतर लगेच नाही: वालुकाश्म ओला झाला की कमकुवत होतो, पकड तुटते आणि वाट कायमची बिघडते. वरून कोरडा दिसला तरी आत पाणी असतं. लेण्यांच्या परिसरात पुरातत्त्व खात्याच्या पाट्या वाचा, तिथे चढायचं नाही. माकडं डबे पळवतात, ते वेगळं.

पण मी तुमच्या जागी असतो तर दोन्हींच्या आधी कृत्रिम भिंतीवर दोन-तीन शनिवार-रविवार काढले असते. बंगळुरूला कंठीरवा स्टेडियममध्ये भिंत आहे, मडगावहून रात्रीची बस सकाळी पोचवते. तिथे दिवसभरात जितक्या वेळा बिले देऊन होईल तितकं बदामीत आठवड्यातही होत नाही, आणि ऊन, माश्या, सुटे दगड यांचा व्याप नाही. सुट्टी मिळत असेल तर उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग इथल्या संस्थांचे बेसिक कोर्स सुमारे चार आठवड्यांचे असतात. त्यात सुरुवातीला खडकावरचंही शिकवतात, पण भर हिमपर्वतांवर. फक्त कातळासाठी ते मोठंच पडेल.

जांभा

आणि मधल्या दिवसांत पाळोळ्याच्या धोंड्यांवर पायाचा सराव करा. कंबरेएवढ्या उंचीवर, आडवं आडवं सरकत. ओहोटी सुरू असताना जा. आपल्याकडे भरतीला पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं आणि टोकाच्या खडकावर माणूस अडकतो. काळपट ओला पट्टा दिसतो त्यावर पाय नाही. पावसाळ्यात अजिबात नाही, जीवरक्षकांच्या लाल बावट्याला मान द्या.

मैत्रीण_मडगावची

मीच ती ऑफिसातली मैत्रीण, आत्ताच खातं उघडलं. भावाला हा धागा पाठवला. त्याने वाचलं नाही, पण दोर परत नेऊन दिला. माझा प्रश्न: मला एकही पुल-अप जमत नाही. आधी जिम लावू का? आणि बोटांनी लटकून सराव करायची लाकडी पट्टी मिळते ती घेऊ?

घाटवाट

पुल-अपची गरज नाही. नवखे हातांनी ओढतात आणि दहा मिनिटांत कोपरापासून पुढे हात दगड होतात. वजन पायांवर ठेवायचं, हात सरळ, पोट खडकाजवळ, नजर पायाकडे. ज्यांच्या हातात ताकद कमी असते ते हे लवकर शिकतात, असा माझा अनुभव आहे.

पट्टी आत्ता अजिबात नको. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, बोटांच्या कंडरांना आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणाऱ्या कडीसारख्या पट्ट्यांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. अनामिकेच्या मुळाशी टक् आवाज येऊन महिनोन्महिने बसलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. पहिलं वर्ष नुसतं चढा, लागोपाठ दोन दिवस जोर लावून नको.

मैत्रीण_मडगावची

आणि बूट किती घट्ट? दुकानातला मुलगा म्हणाला दोन नंबर लहान घ्या.

घाटवाट

ते स्पर्धावाल्यांचं. बोटं पुढे टेकली पाहिजेत, टाचेत पोकळी नको, पण पाच मिनिटं घालून उभं राहता आलं पाहिजे. संध्याकाळी मापून घ्या, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. मोजे न घालता. आणि वापरून झाले की गाडीच्या डिकीत सोडू नका. आपल्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी येते, आणि उन्हात तापलेल्या डिकीत रबर चिकटवलेला गोंद सुटतो.

मालीमचा_खलाशी

आणि दोर? तो डिकीत चालतो?

घाटवाट

तोही नाही. डिकीत बॅटरीचं पाणी, डिझेल, काय काय सांडलेलं असतं. आम्लाचा थेंब लागला तर दोर बाहेरून तसाच दिसतो आणि आतून गेलेला असतो. साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, पिशवीत भरून घरात कपाटात ठेवा. दर वेळी वापरण्याआधी पूर्ण दोर बोटांमधून काढायचा: कुठे चपटा, मऊ किंवा गाठाळ लागला तर तो भाग कापा किंवा दोर बाद करा. न वापरता ठेवला तरी बहुतेक कंपन्या दहा वर्षांनंतर तो काढून टाका म्हणतात. तो बाद झाला की माझ्याकडचा मालीमला पाठवतो, होडी बांधायला.